बिब्ब्याचा डाग

"काळं आधी झालं, की बिब्बा आधी लावला?" डॉक्टरांनी विचारलं.

आमच्या यांचा उजवा पाय डॉक्टरांच्या मांडीवर होता. डॉक्टर खालच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि भिंग घेऊन तळपाय बघत होते. यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाच्या अंगाला आपला पाय लागतोय म्हणून हे दर मिनिटाला हात जोडत होते.

"अहो, नमस्कार पुरे," डॉक्टर म्हणाले. "मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

टाचेच्या पुढं, जिथं तळवा खोलगट व्हायला लागतो तिथं, चिंचोक्याएवढा उंचवटा होता. त्याच्या भोवती काळपट डाग फाकला होता. एका बाजूला तो शाईसारखा गडद होता आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी होत होत कातडीत मिसळून गेला होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ललिताला घेऊन नुकतीच माहेरून आले होते. बाळंतपणासाठी गेले, ते लेकीचे कान टोचूनच परतले. तोवर त्या पायावर आत्याबाईंचे सगळे प्रयोग होऊन गेले होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सोजरबाई. आमच्या गावात त्यांच्या हाताला गुण होता. मानेवर लोंबणारी चामखीळ असली की घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधून द्यायच्या, ती वाळून गळून पडायची. बोटावरच्या खरखरीत चामखिळीला चुना आणि धुण्याचा सोडा. काटा मोडला, कुरूप झालं, तर बिब्बा. सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की चर्र करून चटका द्यायचा. आमच्याकडं निम्म्या गावाच्या तळपायाला बिब्ब्याचे काळे डाग होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, तरी त्यांचं हे काम थांबलं नव्हतं. बोटांनी चाचपून त्या सांगायच्या, हे कुरूप, ही चामखीळ, हा नुसता घट्टा.

यांचा धंदा शिवणकामाचा. दिवसभर पाय मशीनच्या पायडलवर. त्यामुळं तळपायाला काही टणक लागलं तर ते पायडलचंच, यात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मलाच ते बघवेना. मी चार दिवस डोकं खाल्लं आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला कातडीचे डॉक्टर यायचे त्यांच्याकडं यांना ओढत आणलं. आत्याबाई आपणहून निघाल्या. आता त्या दाराजवळच्या बाकावर ललिताला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"याच्यात गोम अशी आहे," डॉक्टर माझ्याकडं बघत म्हणाले, कारण यांचं लक्ष पाय सोडवून घेण्यातच होतं. "चामखीळ असती तर कातडीच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटल्या असत्या. खरखरीत लागली असती, बाजूंनी चिमटीत धरली की दुखली असती. तीळ असता तर वर्षानुवर्षं आहे तसा गुमान बसला असता. जो वाढतो, ज्याची कड फाकते, रंग बदलतो, त्याला तीळ म्हणून सोडायचं नाही आणि चामखीळ म्हणून जाळायचंही नाही. पण इथं सगळं बिब्ब्यानं भाजून निघालंय. रेषाच राहिल्या नाहीत. काय बघू मी? म्हणून विचारतोय. चटका द्यायच्या आधी तिथं काळं होतं का?"

"न्हाई," हे म्हणाले. "बिब्बा आधी. मग काळं."

"नक्की?"

"नक्की म्हंजी? पाय माझाच की. नुसता घट्टा होता, कातडीच्या रंगाचा. आमच्या आईनं आजपत्तोर सगळ्यात बिब्बा घातलाय, डॉक्टरसाहेब, आता पायात पण घातला."

डॉक्टर हसले. मीही हसले. हे असेच होते, कुठंही बसले की चार माणसं हसवायचे.

"आधी काळं होतं म्हणाला असतात तर आजच तुकडा काढून तपासायला पाठवला असता," डॉक्टर पाय खाली ठेवत म्हणाले. "बिब्ब्याचा डाग असेल तर हळूहळू फिका पडेल. आता तिथं काही म्हणजे काही लावायचं नाही. दोन महिन्यांनी या. फिका नाही पडला तर कापू. आणि आजी," ते आत्याबाईंकडं वळले, "बिब्बा बंद. कुणालाच नाही. काळं दिसलं की आधी माझ्याकडं पाठवायचं."

आत्याबाईंनी मान हलवली. ललिता रडायला लागली म्हणून त्या तिला घेऊन बाहेर गेल्या.

त्या दिवशी आम्ही गरम भजी खाऊन घरी आलो. डॉक्टरांनी काही निघालं नाही म्हटल्यावर जो आनंद होतो तो आम्हाला झाला होता. हे एसटीत ललिताला टोपडं घालून तिच्याशी बोलत बसले होते. मला ते सगळं आठवतं आणि आठवायला नको वाटतं.

डाग फिका पडला नाही. मी म्हणायची, चला दाखवून येऊ. हे म्हणायचे, लग्नसराई संपू दे, नवरदेवांना उघडं उभं करू का बोहल्यावर? मग जांघेत गाठ आली, अवधाण. पायाला काही झालं की अवधाण येतं, हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. त्याला कोण घाबरतं? शेकलं, लेप लावला. ते दुखत नव्हतं, एवढंच वेगळं होतं. दुखत नाही म्हणून आम्ही बरं मानलं.

मग शहरातला मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा कातडीचा कॅन्सर आहे, तिळासारखा दिसणारा, आणि तो पायातून वर गेला आहे. मी बिब्ब्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "बिब्ब्यानं हे होत नाही. बिब्ब्यानं हे लपलं. आधी आला असतात तर..."

टाच कापली, जांघेतल्या गाठी काढल्या. एका दुपारी आत्याबाई ललिताला घेऊन खाली गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. यांनी मला जवळ बोलावलं.

"चंद्रकला, काळं आधी होतं."

मला कळलंच नाही. "काय आधी होतं?"

"डाग. तू माहेरी जायच्या आधीपासनं. बारीक तीळ होता. मला वाटलं, तळपायाला तीळ म्हंजी प्रवासाचा योग. मशीन सोडून कुठं न्हाई गेलो जल्मात, म्हणलं, आता जाणार वाटतं कुठंतरी." हे हसले. "मग तो मोठा झाला, वर आला. आईला हाताला टणक लागला, ती म्हणली कुरूप हाय. मी म्हणलं असल."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा..."

"आई समोर बसली होती गं."

यांनी दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"तिला दिसत न्हाई. तिनं हातानं चाचपून लावला बिब्बा. मी तिथं म्हणलो असतो काळं आधी होतं, तर डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणला असता, तिळाला चटका दिला कुणी? एवढ्या लोकांचं बरं केलं तिनं. आन् मला काय ठाऊक, हे असलं काही असतं म्हणून? म्हणलं, दोन महिन्यांनी यायचंच हाय, तवा बघू."

"दोन महिन्यांनीही नाही आलात तुम्ही."

"न्हाई आलो," हे म्हणाले. मग माझा हात धरून म्हणाले, "आईला कळू देऊ नको. कधीच. शपथ घे पोरीची."

मी शपथ घेतली. चिडले होते, रडत होते, पण घेतली. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते मला आजही माहीत नाही.

हे दसऱ्याच्या आधी गेले.

मी मशीनवर बसले. यांचंच दुकान, यांचंच पायडल. आधी फॉल-पिको, मग ब्लाऊज, मग शाळेचे ड्रेस. आत्याबाई घर आणि ललिताला बघायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, सासू-सुनांचं किती गुळपीठ आहे. गुळपीठ होतंच, पण आमच्यामध्ये ते एक वाक्य सतत असायचं. जेवायला बसलं की ते आमच्यात बसायचं. आत्याबाई कधी गप्प झाल्या की मला वाटायचं, आता विचारतील. आणि मी मनातल्या मनात उत्तराची तयारी करायची: बिब्बा आधी, आत्याबाई, बिब्बाच आधी.

त्यांनी कधी विचारलं नाही. पण त्यांचं जे झालं ते मला बघवत नव्हतं. बिब्बे त्यांनी विहिरीत टाकून दिले. कुणी बाई चामखीळ घेऊन दारात आली, की तिला उंबऱ्यातूनच हाकलायच्या. "डॉक्टरकडं जा! जा म्हणते ना! मी काय देव हाय?" बायका तोंडात बोटं घालायच्या. म्हातारी पोराच्या दुःखानं भ्रमिष्ट झाली, असं गावात बोलायचे.

ललिता दुपारी झोपली, की त्या तिच्या पायांशी बसून तळवे उजेडाकडं करून बघायच्या. आधी उजवा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या. पोरीला गुदगुल्या व्हायच्या, ती झोपेत हसायची. पुढं ती मोठी झाली, चिडायला लागली, तेव्हा त्या देवळात जाऊन बसायला लागल्या. मला आधी वाटलं भजनाला जातात. एकदा निरोप द्यायला गेले तर त्या मागं, खांबाला टेकून बसल्या होत्या. गाभाऱ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. देवासमोर जो जो आडवा होत होता, त्याचे उताणे झालेले तळपाय त्या मान पुढं काढकाढून बघत होत्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना चष्म्यानं लख्ख दिसत होतं. मी निरोप न देताच परत आले.

मला त्यांची दया यायची. मला वाटायचं, बिचाऱ्या बिब्ब्याला दोष देत बसल्या आहेत, आणि खरं काय ते मलाच ठाऊक आहे.

ललिताचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या मानेवर मागं, केसांच्या खालीच, एक मस होता. बारीक मिरीएवढा, काळा. मुलाची आत्या साखरपुड्यात म्हणाली, "मंगळसूत्र अडकंल गं बाई त्यात." झालं. ललितानं तेच धरलं. तिची मैत्रीण पार्लरमध्ये कामाला होती, ती म्हणाली मिनिटात जाळून देते, कळणारपण नाही.

आत्याबाईंना हे कळलं आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. "आधी डॉक्टर. मग जाळायचं का कापायचं ते."

"आजी, एवढ्याशा तिळाला डॉक्टर?"

"मी येणार हाय संगं," त्या म्हणाल्या आणि उठून लुगडं बदलायला गेल्या.

तालुक्यात आता कातडीच्या एक तरुण डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांनी भिंग लावून मान बघितली. भिंगाला दिवा होता.

"बहुतेक साधाच आहे," त्या म्हणाल्या. "पण एक सांग मला. हा पहिल्यापासून एवढाच आहे, की अलीकडं वाढलाय? रक्त वगैरे कधी आलं?"

"पहिल्यापासून एवढाच आहे," ललिता झटकन म्हणाली.

मला माहीत होतं ती असं का म्हणाली. वाढलाय म्हटलं तर कापतील, टाके पडतील, तपासणी होईल, मुलाकडच्यांच्या कानावर जाईल, लग्न पुढं ढकलतील. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"खोटं बोलती ती!"

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "दिवाळीत एवढा न्हवता. वेणी घालताना मी रोज बघते. वाढलाय. परवा कंगवा लागून रक्त आलं. डॉक्टरीणबाई, ती सांगती ते ऐकू नका. तिच्या बापानं पण असंच सांगितलं होतं. काळं आधी होतं. मी तिथं होते, आन् मी गप बसले."

ललिता रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना पाणी दिलं. माझ्या कानात नुसता मशीनचा आवाज चालू होता.

मस त्याच दिवशी काढला आणि तुकडा तपासायला पाठवला. त्यात काही निघालं नाही. लग्न ठरल्या दिवशी झालं, टाक्याची खूण मंगळसूत्राखाली झाकून गेली. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी ललिता मैत्रिणीकडं थांबली आणि आम्ही दोघी एसटी स्टँडवर बसची वाट बघत बसलो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मीच लावला ना बिब्बा. मला कळणार न्हाई?"

"तुम्हाला दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता."

"एका डोळ्यात होता. दुसरा धड होता." त्या समोर बघत बोलत होत्या. "काळं दिसलं होतं मला. म्हणलं, काटा कुजला असल आत. बिब्ब्यानं निघंल."

"मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंत? एक शब्द बोलायचा होता. फक्त एक शब्द!"

मी ओरडले असणार, कारण शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.

"त्यानं माझ्याकडं बघितलं," आत्याबाई म्हणाल्या. "न्हाई म्हणाला आन् माझ्याकडं बघितलं. आई, गप बस म्हणून. तू डॉक्टरकडं बघत होतीस. जल्मभर त्यानंच माझं ऐकलं, चंद्रकला. शाळा सोड म्हणलं, सोडली. मशीनवर बस म्हणलं, बसला. मी त्याचं एकदाच ऐकलं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आन् मला पण बरंच वाटलं गं. लोकांत माझी लाज राखली म्हणून बरं वाटलं. ते कुणाला सांगू?"

मग पहिल्यांदाच त्या माझ्याकडं वळल्या.

"तुला सांगितलं असल ना त्यानं? आईला कळू देऊ नको म्हणून?"

"हो."

"मला पण सांगितलं होतं. दवाखान्यात. तू औषध आणायला गेली होतीस. म्हणला, तुला आधीच ठाऊक होतं, हे चंद्रकलेला कळू देऊ नको आई. ती तुला घरात ठेवायची न्हाई."

एक बस येऊन गेली, ती आमची नव्हती. धूळ खाली बसेपर्यंत मी यांचा विचार करत होते. कापलेल्या पायानिशी पलंगावर पडल्यापडल्या या माणसानं आम्हा दोघींना एका घरात कोंडून ठेवलं होतं, एकमेकींपासून लपवायला लावून. आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा कळलं असतं तर मी त्यांना नसतं ठेवलं. ललिताला उचलून माहेरी तरी गेले असते, नाहीतर आत्याबाईंना त्यांच्या भावाच्या दारात सोडून आले असते. यांनी आपल्या बायकोला बरोबर ओळखलं होतं, याचाच मला संताप आला.

आमची बस लागली. लोक उठले, पिशव्या खिडकीतून आत जायला लागल्या. मी उठले. आत्याबाई उठल्या नाहीत. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"येऊ का मी?" त्यांनी विचारलं.

ज्या घरात त्यांनी मला माप ओलांडून घेतलं होतं, त्या घरात यायचं त्या मला विचारत होत्या. कंडक्टरनं बेल मारली. मी त्यांच्याकडं बघत उभी होते. त्यानं पुन्हा बेल मारली.

"या," मी म्हणाले.

त्यानंतर त्या आमच्याकडं बरीच वर्षं होत्या. त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, शेवटचं पाणी त्यांनी माझ्याच हातून घेतलं. गाव म्हणतं, सून असावी तर अशी. पण "या" म्हणायच्या आधी मी किती वेळ घेतला, ते त्यांनी बघितलं होतं. त्या दिवसापासून घरात कुठंही जाताना, मोरीत असो की स्वयंपाकघरात, त्या दारात क्षणभर थांबायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मी मान हलवली की मग आत यायच्या.